हवेत मोजलेले चार अंश

कल्लाप्पा मगदूम यांनी उभ्या आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. बाजारात मासळीची बाजू आली की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगाने जायचे. अशा माणसाला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कोल्हापुरात नोकरी लागली ती सुशी रेस्टॉरंटमध्ये, आणि काम काय, तर मासे ठेवायचे फ्रीज सांभाळायचे.

त्याआधी बत्तीस वर्षं ते नेसरीला दुधाच्या चिलिंग सेंटरवर होते. गावोगावच्या संस्थांचं दूध सकाळ-संध्याकाळ यायचं, ते तपासून, गार करून पुढे पाठवायचं, हे त्यांचं काम. थर्मामीटर खिशात आणि टॉवेल खांद्यावर, अशीच त्यांची मूर्ती त्या भागातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे होती. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी चंदनाबाईंनी कोल्हापूरच्या कळंब्यात छोटं घर घेतलं. सकाळी तलावाकडे फेरी, मग जैन मंदिर, मग पेपर. सहा महिन्यांत अण्णा एवढे कंटाळले की घरातल्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून तासातासाला बघायला लागले. चंदनाबाई म्हणाल्या, "त्यो फ्रीज आता तुमास्नी भिऊन बंद पडंल."

अशात एके दिवशी सयाजी देसाई घरी आले. नेसरीजवळच्याच एका गावात त्यांची दूध संस्था होती, त्यामुळे जुनी ओळख. चहा झाला आणि सयाजीरावांनी विषय काढला.

"अण्णा, आमच्या यशराजनं ताराबाई पार्कात हाटेल काढलंय. कच्चा मासा खायाला घालतोय लोकास्नी."

"कच्चा?"

"कच्चा. सुशी म्हणत्यात त्येला. परवा तपासणीवाल्या बाई आल्या हुत्या, नोटीस दिऊन गेल्या. पंधरा दिवसांत सुधरा म्हणून."

"मला मासळीतलं काय कळतंय, सयाजीराव?"

"मासळीतलं न्हाय, पण गारव्यातलं कळतंय की. माझं पोरगं जहाजावर आचारी हुतं, हात चांगला हाय त्येचा. पण शिस्त न्हाय. तुमी नुसतं फ्रीज बगा."

अण्णा दोन दिवस विचार करत राहिले. चंदनाबाईंनी विचारलं, "ही सुशी कोण?"

"बाई न्हाय ती. पदार्थ हाय. भातात मासा गुंडाळत्यात."

"आन तुमी काय करणार तितं?"

"गार किती हाय ते लिवणार."

चंदनाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "आल्या आल्या आंघोळ करायची. ते कपडे घरात आणायचे न्हाईत." एवढ्यावर परवानगी मिळाली. अण्णांनी यशराजलाही आपल्या अटी सांगितल्या. माशाला हात लावणार नाही, मासा कापतात त्या टेबलाजवळ उभा राहणार नाही, आणि सूर्यास्ताआधी जेवायचं असल्यामुळे पाचला घरी जाणार. यशराजला त्या घडीला कुणीही चाललं असतं. तो म्हणाला, "अण्णा, तुमी नुसतं त्या मॅडमला गप करा."

त्या मॅडम म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी अनुजा शिंत्रे. त्यांच्या नोटिशीत जे जे लिहिलं होतं ते अण्णांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. सकाळी शिजवलेला भात दुपारपर्यंत उघडा. काकडी आणि मासा एकाच पाटावर. दोन कामगारांची वैद्यकीय तपासणी नाही. तापमानाची नोंद कुठेच नाही. अण्णांना मनातून लाज वाटली, जणू नोटीस त्यांनाच आली होती.

मग त्यांनी कामाला हात घातला. हिरवे पाट भाजीला, निळे माशाला. प्रत्येक फ्रीजमध्ये आत लटकवलेला थर्मामीटर, त्याची तार बाहेर, आणि दिवसातून चार वेळा नोंद. भाताचं त्यांना विशेष वाटलं. सुशीच्या भातात व्हिनेगर घालतात, आणि तो पुरेसा आंबट असला की त्यात जंतू वाढत नाहीत, हे कळल्यावर ते हसले. "बत्तीस वर्षं दूध आंबट हुईल म्हणून भ्यालो. आता भात आंबट झाला न्हाय म्हणून भ्यायचं." त्यांनी आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या आणि भाताच्या प्रत्येक घाण्याला पट्टी लावल्याशिवाय तो पुढे जाऊ दिला नाही.

शेफ होता मणिपूरचा तोंबा. त्याला मराठी येत नव्हती, अण्णांची हिंदी तर ऐकण्यासारखी होती. पण पट्टीचा रंग दोघांनाही कळायचा. स्वयंपाकघरात धुण्यापुसण्याला आणि भाज्या चिरायला झुंबरबाई होत्या, गडमुडशिंगीहून रोज बसने येणाऱ्या, आवाजाने खणखणीत. अण्णा पाचला निघाले की संध्याकाळची नोंद त्या करायच्या. आकडे त्यांना नीट यायचे आणि खोटं लिहिणं त्यांना जमायचं नाही. एकदा त्यांनी नोंदीपुढे लिहिलं होतं, "सहा. दार उघडं राहिलं. चूक माझी."

पुढच्या तपासणीला शिंत्रे मॅडम आल्या तेव्हा नोंदी बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. "कुणी शिकवलं हे?" त्यांनी विचारलं. यशराजने अण्णांकडे बोट दाखवलं. त्या दिवशी अण्णा घरी गेले ते छाती थोडी पुढे काढूनच.

हे सगळं चार-पाच महिने सुरळीत चाललं. मग मार्चमधला एक शनिवार आला.

रत्नागिरीहून येणारी गाडी आठला यायची. त्या दिवशी आंबा घाटात ट्रक आडवा झाला आणि गाडी तिथेच अडकली. ती आली अकराला. ड्रायव्हरने थर्माकोलची पेटी मागच्या दारातून आत नेली आणि तोंबाने ती उचलून सरळ फ्रीजमध्ये ठेवली. पेटीत कुप्पा होता, ज्याला मेनूकार्डावर ट्यूना म्हटलेलं असतं. अण्णांनी नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं होतं. पण जमिनीकडे त्यांची नजर गेली. दारापासून फ्रीजपर्यंत पाण्याची सरळ ओळ उमटली होती.

"झुंबरबाई, पाणी तेवढं पुसून घ्या. कोण तर घसरंल."

झुंबरबाईंनी पुसलं. फ्रीजचा आकडा पेटी ठेवताना नऊवर गेला होता. बाराला अण्णांनी पाहिलं, चार झाला होता. त्यांनी वहीत लिहिलं, चार.

दुपारी एका कॉलेजातल्या सात प्राध्यापिका जेवायला आल्या. त्यांच्यातल्या एकीची बदली झाली होती, तिला निरोप. हसणं-खिदळणं आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. जेवण होऊन आइस्क्रीम येईपर्यंत ते हसणं थांबलं. यशराज धावत आत आला.

"अण्णा, बाहेर या. बगा काय झालंय."

पाच जणींचे चेहरे लालभडक झाले होते, जणू कुणी उन्हात तासभर उभं केलं होतं. एक मान खाजवत होती, दुसरी भिंतीला धरून उभी होती. तिसरी, चष्मा लावलेली, छातीवर हात ठेवून खुर्चीत बसली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "धडधड थांबत नाहीये. माझी धडधड थांबत नाहीये." उरलेल्या दोघी शाकाहारी होत्या, त्यांना काहीच झालं नव्हतं. यशराजने आपल्याच गाडीतून तिघींना दवाखान्यात नेलं, दोघींना झुंबरबाईंनी रिक्षात घातलं. अण्णा रिकाम्या टेबलाजवळ उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ताटातल्या माशाच्या तुकड्याकडे नीट पाहिलं. गुलाबी होता. चांगला दिसत होता.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन सगळ्यांना घरी सोडलं. पण तक्रार गेली होती. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही शिंत्रे मॅडम सकाळी नऊला दारात हजर होत्या.

त्यांनी उरलेल्या कुप्प्याचा नमुना घेतला, सील केला, सह्या घेतल्या. मग वही मागितली. शनिवारचं पान काढलं. सकाळी सातला चार, बाराला चार, तीनला चार; संध्याकाळची जागा दवाखान्याच्या धावपळीत कोरी राहिली होती.

"हे ठीक आहे," त्या म्हणाल्या. "फ्रीज नीट चालू होता. मग मासा उबला कुठे? पेटी किती वाजता आली?"

यशराज लगेच म्हणाला, "आली की वेळेत. सकाळी."

तोंबा खाली बघत होता. त्याने हळूच सांगितलं, "मैंने हाथ लगाके देखा मॅडम. ठंडा था." आणि ते खरंच होतं. वरून तो गारच लागला असणार.

मॅडमनी अण्णांकडे पाहिलं. "मगदूमकाका, हे चार अंश कशाचे? माशाचे की हवेचे?"

अण्णांची नजर वहीतल्या आकड्यांवर गेली. बत्तीस वर्षांत किती पोरं त्यांच्या हाताखाली शिकली असतील. त्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कॅनच्या तोंडाशी थर्मामीटर धरायचा नाही, दूध ढवळायचं आणि मध्यात बुडवायचा. एका पोराने कॅनच्या कडेला मोजून आकडा सांगितला म्हणून त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि इथे त्यांनी स्वतः काय मोजलं होतं? फ्रीजमधली हवा. का, तर मासा बघायला नको, त्याला सुई टोचायला नको.

"हवेचे," ते म्हणाले.

यशराजने त्यांच्याकडे डोळे वटारले. अण्णांनी ते पाहिलं, तरी पुढे बोलले.

"पेटी सकाळी आली न्हाय मॅडम. अकराला आली. घाटात गाडी अडकली हुती. बर्फाचं पाणी झालं हुतं. दारापासनं आत पातूर पाणी सांडलेलं मी बगितलं. आन पुसून घ्या म्हणून मीच सांगितलं."

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग समजावून सांगितलं. कुप्प्यासारखा मासा काही तास उबेत राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं. वास येत नाही. चव बदलत नाही. एकदा तयार झालं की शिजवून जात नाही आणि परत बर्फात ठेवूनही जात नाही. "म्हणून मासा दारातच मोजायचा असतो," त्या म्हणाल्या, "आत घेतल्यावर नाही."

त्या गेल्यावर यशराज फुटला.

"अण्णा, मीठ कुणाचं खाताय तुमी? गप बसला असता तर काय बिघडत हुतं? वहीत चार लिवलंयच की!"

"त्येच तर बिघडलंय, यशराज. वहीत चार लिवलंय."

"जावा तुमी घरी."

अण्णा डबा घेऊन घरी आले. दोन दिवसांत वरिष्ठांच्या सहीने व्यवसाय थांबवण्याचा आदेश आला आणि रेस्टॉरंटला कुलूप लागलं.

घरात अण्णा जेवेनात. तलावाकडे जाईनात. चंदनाबाईंनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी समोर येऊन बसल्या.

"त्या बाया बऱ्या हाईत न्हवं?"

"दवाखान्यातनं सोडलंय म्हणत्यात."

"म्हणत्यात म्हंजे? बगून आलायसा का?"

हे अण्णांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारी त्यांनी झुंबरबाईंना फोन लावला. त्यांनी रिक्षातून नेलेल्या एका बाईंचा पत्ता सांगितला आणि तिच्याकडून त्या चष्म्यावाल्या बाईंचाही मिळाला. पूर्णिमा घोरपडे, कॉलेजात भूगोल शिकवायच्या, राजारामपुरीत राहायच्या.

दार त्यांनीच उघडलं. चेहरा उतरला होता, पण लाली गेली होती.

"कोण आपण?"

"मी कल्लाप्पा मगदूम. त्या हाटेलातला."

"मालक?"

"न्हाय. फ्रीज बगायचं काम हुतं माझ्याकडं."

बाईंनी त्यांना आत घ्यावं की नाही याचा विचार केला. मग बाजूला झाल्या. अण्णा खुर्चीच्या कडेला टेकले आणि जे घडलं ते सांगितलं. पेटी, पाणी, बाराची नोंद. मधे काही गाळलं नाही. बाई ऐकून घेत होत्या.

"तुम्हाला माहीत आहे का," त्या म्हणाल्या, "माझे वडील हृदयविकाराने गेले. माझ्याच वयाचे असताना. मला त्या खुर्चीत बसल्यावर वाटलं, माझीही वेळ आली. मी मनातल्या मनात माझ्या मुलीचा नंबर म्हणत होते, विसरू नये म्हणून. कुणाला तरी सांगता यावा म्हणून."



"तुम्ही मुद्दाम काही केलं नाही, हे कळतं मला," बाई पुढे म्हणाल्या. "पण पाणी दिसलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

"मी बगितलं न्हाय. बगायचं टाळलं."

बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "आलात ते बरं केलं. दुसरं कुणी आलं नाही."

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर अण्णांनी हे सगळं चंदनाबाईंना सांगितलं आणि विचारलं, "परत बोलावलं तर जावं का?"

"जावा न्हाय तर सोडा," चंदनाबाई म्हणाल्या. "पण गेलासा तर तोंड फिरवून उबं ऱ्हायाचं न्हाय. मी कपडे येगळे ठेवायला सांगितलं, डोळं झाकून काम करा म्हणून न्हाय सांगितलं."

प्रयोगशाळेचा अहवाल आला. हिस्टामीन मर्यादेच्या किती तरी वर. यशराजवर कारवाई सुरू झाली, दंड होणार हे ठरलेलंच होतं. आणि तोंबाने बॅग भरली. त्याला बंगळुरात दुसरं काम मिळत होतं. यशराज त्याला थांबवायला गेला तेव्हा तो म्हणाला, "अण्णा आएगा तो रुकूँगा. उसने झूठ नहीं बोला. मैं चुप बैठा था."

हे यशराजने स्वतःच कळंब्याला येऊन सांगितलं. सोफ्यावर बसला, मोबाइल हातात फिरवत राहिला. माफीचा शब्द त्याच्या तोंडातून काही निघाला नाही, पण त्याने एक विचारलं.

"त्या बाईंच्या घरी गेलतासा म्हणं?"

"व्हय."

"मी जायाला पायजे हुतं."

"अजून जाता येतंय की," अण्णा म्हणाले.

मग कामाचं बोलणं झालं. अण्णांनी सांगितलं, पेटी मागच्या दारातच उघडायची. माशाच्या पोटात सुईचा थर्मामीटर खुपसायचा. चारच्या वर असेल तर पेटी आल्या पावली परत, मग त्या दिवशी कितीही बुकिंग असू दे. आणि बर्फाचं पाणी झालेलं दिसलं तर मोजायचंही नाही, परतच.

"आन सुई कोण खुपसणार?" यशराजने विचारलं. "तोंबा?"

"मी," अण्णा म्हणाले.

चंदनाबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

सहा आठवड्यांनी शिंत्रे मॅडमनी पुन्हा पाहणी केली आणि कुलूप निघालं. त्याही वेळी त्यांना एक गोष्ट सापडलीच. हात धुवायच्या बेसिनखालची जाळी तुटली होती, उंदीर शिरेल म्हणाल्या. झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला आणि दुपारपर्यंत नवी जाळी बसवून घेतली.

पहिली पेटी आली तेव्हा अण्णांनी हातमोजे चढवले. झुंबरबाईंनी झाकण काढलं. आत बर्फाचा चुरा होता आणि त्यात अर्धवट बुडलेला मासा, त्याचा डोळा वर आलेला. अण्णांचा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, काय पुटपुटले ते कुणाला ऐकू आलं नाही. मग डोळे उघडून त्यांनी सुई आत घातली. ती जाताना जो अडथळा हाताला जाणवला, त्याने त्यांच्या अंगावर काटा आला. आकडा उतरत उतरत एकवर थांबला.

"एक," ते म्हणाले. "घ्या आत."

मग ते मागच्या नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत उभे राहिले.

सवय झाली म्हणता येणार नाही. आजही सुई टोचताना त्यांचा चेहरा आक्रसतो, आणि घरी आल्यावरची आंघोळ पूर्वीपेक्षा लांबली आहे. काही नातेवाइकांना हे आवडलं नाही, एका लग्नात एकाने तोंडावर बोलून दाखवलं. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांच्या मनात ह्या गोष्टीचा पूर्ण निकाल लागलेला नाही, असं ते स्वतःच सांगतात. पेट्या मात्र दोनदा परत गेल्या आहेत. दुसऱ्यांदा ड्रायव्हर दारात तासभर भांडला, आणि त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना काकडीच्या आणि गाजराच्या सुशीवर समाधान मानावं लागलं. यशराजने पाटीवर सरळ लिहिलं, आज मासा नाही.

गेल्या महिन्यात शिंत्रे मॅडमनी हॉटेलवाल्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवलं आणि अण्णांना बोलायला बोलावलं. वीसेक लोक आले होते. निम्मे मोबाइलमध्ये. अण्णा हातात कागद घेऊन उभे राहिले, मग त्यांनी तो खिशात घातला आणि त्या शनिवारची हकीकत सांगितली, पाण्याच्या ओळीपासून. आपलं नाव घेऊन सांगितली. मोबाइल हळूहळू खाली गेले.

शेवटी मागच्या रांगेतून एक मिसळवाला उठला. "अण्णा, आमी मासं ठेवत न्हाई. आमच्याकडं दही हाय, पनीर हाय. आमाला काय करायचंय सुई?"

"दही कुठं ठेवताय?"

"फ्रीजात की."

"कुठल्या कप्प्यात? दारात?"

"व्हय, दारात."

"दारात गारवा टिकत न्हाय. या इकडं," अण्णा म्हणाले आणि पिशवीतून थर्मामीटर काढला. "कसा धरायचा, दावतो."

मिसळवाला पुढे आला. त्याच्या मागोमाग आणखी तिघं-चौघं उठले आणि टेबलाभोवती गोळा झाले.